घोषणांचे पाठभेद आणि आमची उदासीनता

एखाद्या सनदेवरील शिक्का अस्सल कीं नक्कल, हें ठरविण्यासाठीं आमच्या संशोधक मंडळींनीं पानेंच्या पानें खर्चीं घातलीं आहेत, आणि तें योग्यच झालें. तिथि, वार आणि शक यांचा मेळ बसत नसला कीं आपण कागद बाजूस सारतों; अक्षराच्या वळणावरून लेखनाचा काळ ताडतों. परंतु हेच दक्ष संशोधक विसाव्या शतकाकडे वळले, कीं त्यांची लेखणी एकाएकीं सैल होते. ‘अमक्या पुढाऱ्यानें अमकी घोषणा दिली’ असें वाक्य लिहून ते मोकळे होतात. कोठें दिली, कोणत्या भाषेंत दिली, ऐकणाऱ्यांपैकीं कोणीं ती त्याच दिवशीं टिपून ठेविली, आज छापली जाते तो तिचा मूळ पाठ आहे कीं भाषांतराचें भाषांतर आहे, यांपैकीं एकही प्रश्न विचारला जात नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहक मित्रांकडे मोडी कागदांचा एक गठ्ठा पाहण्यास आम्ही गेलों होतों. गठ्ठ्यांत इनामाच्या तंट्याचे कांहीं कागद होते. त्यांत नवें असें विशेष निघालें नाहीं. मात्र तो गठ्ठा ज्या कागदांत गुंडाळला होता, तें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील एका सभेचें हस्तपत्रक होतें. वर ठळक टाइपांत घोषणा, खालीं सभेची जागा व वेळ, आणि जेथें साल असावयाचें तो कोपरा फाटलेला. आम्ही तें हातानें सारखें करून वाचूं लागलों, तेव्हां यजमान हंसून म्हणाले, “अहो, तें वेष्टन आहे; कागद आंत आहेत.” प्रस्तुत टिपण हें त्या वाक्यास आमच्याकडून गेलेलें उशिराचें उत्तर आहे.

घोषणा हें साधन आहे, पण अडचणीचें साधन आहे. तिच्यावर सही नसते, तारीख नसते. ती एकाच्या तोंडून निघते असें आपण समजतों, पण जिवंत राहते ती हजारांच्या तोंडीं, आणि त्या प्रवासांत तिचे शब्द झिजतात. आमचा अनुभव असा, कीं ह्या झिजण्यांत सर्वांत आधीं हरवतो तो क्रियापदाचा पुरुष. घोषणा ‘मी’ म्हणते, ‘आम्ही’ म्हणते, कीं ‘तुम्ही’ म्हणते, यांतच कोण कोणास काय सांगत होतें हें सांठविलेलें असतें. आणि इतिहासकार नेमकें तेंच बदलून टाकतात.

प्रथम १९४२ सालचें उदाहरण घेऊं. त्या वर्षीं ता. ८ ऑगस्ट रोजीं मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस कमिटीनें जो ठराव मंजूर केला, त्यास इंग्रजींत ‘क्विट इंडिया’, हिंदींत ‘भारत छोडो’ आणि मराठींत ‘चले जाव’ ठराव म्हणतात. ठरावाचा इंग्रजी मजकूर समोर ठेवून पाहावें, तों ‘क्विट इंडिया’ हे शब्द त्यांत नाहींत. ब्रिटिश सत्तेनें हिंदुस्थानांतून निघून जावें ही मागणी तेथें संथ व लांबलचक वाक्यांत केलेली आहे. ज्या ठरावास घोषणेचें नांव मिळालें, त्यांत ती घोषणाच नाहीं.

त्या दोन शब्दांचें जनकत्व यूसुफ मेहेरअल्ली यांस दिलें जातें. ते त्या वर्षीं मुंबईचे महापौर होते. कथा अशी सांगतात, कीं चळवळीस साजेसे शब्द गांधीजी सहकाऱ्यांसह शोधीत होते. कोणी ‘गेट आउट’ सुचविलें, तें असभ्य म्हणून त्यांनीं नाकारलें. राजगोपालाचारींनीं ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ हे शब्द पुढें केले; तेही पटले नाहींत. मग मेहेरअल्लींनीं ‘क्विट इंडिया’ अशीं अक्षरें कोरलेलें धनुष्य त्यांस भेट दिलें आणि गांधीजींनीं ‘आमेन’ म्हटलें. ही हकीकत शांतिकुमार मोरारजी यांच्या सांगण्यावरून के. गोपालस्वामी यांच्या इंग्रजी पुस्तकांत आली, आणि तेथून सर्वत्र गेली. घटनेनंतर बऱ्याच वर्षांनीं छापलेल्या आठवणीस जें मोल द्यावयाचें तेवढेंच हिला द्यावें. राजाजींनीं एप्रिल १९४२ च्या अखेरीस कार्यकारिणीचा राजीनामा दिला होता आणि जुलैत काँग्रेसही सोडली. इंग्रजांनीं त्या घटकेस निघून जावें ह्या मागणीसच त्यांचा विरोध होता. त्यांनीं तिच्यासाठीं शब्द सुचविले असतील तर ते कोणत्या महिन्यांत? धार बोथट करण्याच्या हेतूनें सुचविले असतील, हेंही संभवतें. पण तारखेवांचून ह्याचा निर्णय होत नाहीं, आणि कथेंत तारीख नाहीं. आम्ही कथा बनावट म्हणत नाहीं; बखरीच्या रकान्यांत घालावी, अस्सल पत्राच्या नव्हे, इतकेंच आमचें म्हणणें.

कथा खरी असो वा नसो, शब्दाची निवड मात्र मार्मिक आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेंत घरमालक भाडेकरूस जागा सोडण्याची जी नोटीस देतो, तिच्या नांवांतच ‘क्विट’ हा शब्द असतो. ‘गेट आउट’ म्हणणारा नुसता रागावलेला असतो. ‘क्विट’ म्हणणाऱ्याजवळ घराचे कागद असतात. ज्यांस ऐकवावयाचें त्यांच्याच भाषेंत, त्यांच्याच कोर्टांतील शब्द वापरून, मालकी कोणाची हें एका शब्दांत सांगितलें गेलें. ‘भारत छोडो’ ह्या भाषांतरांत ही मालकी गेली. आमच्या ‘चले जाव’ मध्यें तर देशाचें नांवही राहिलें नाहीं. हिंदुस्थानी ‘जाओ’ मराठी कानानें ऐकून ‘जाव’ झालें, आणि अर्थ आपल्या ‘चालते व्हा’ च्या शेजारीं जाऊन बसला. म्हणजे कथेप्रमाणें गांधीजींनीं जें असभ्य म्हणून दारांतून परत पाठविलें, तेंच मराठींत मागच्या दारानें आलें. लोकांस तें आवडलें हें उघड आहे. पण मराठी इतिहासांत ‘गांधीजींनीं चले जाव ही घोषणा दिली’ असें जें वाक्य छापलें जातें, त्यांतील एकेक शब्द पुन्हां तपासण्याजोगा आहे.

त्याच रात्रींच्या दुसऱ्या घोषणेचें नुकसान याहून मोठें आहे. गांधीजी त्या सभेंत प्रथम हिंदुस्थानींत बोलले व नंतर इंग्रजींत. आपण एक लहानसा मंत्र देत आहों असें सांगून त्यांनीं जे शब्द उच्चारले, ते लोकांच्या स्मरणांत ‘करेंगे या मरेंगे’ असे राहिले. त्याचें इंग्रजी ‘डू ऑर डाय’ झालें, आणि त्या इंग्रजीवरून पुन्हां देशी भाषांत येतांना हिंदींत ‘करो या मरो’ व मराठींत ‘करा किंवा मरा’ झालें. शाळेच्या पुस्तकांपासून पुतळ्यांखालच्या पाट्यांपर्यंत हीं रूपें सरसकट आढळतात. भेद लहान दिसतो. पण ‘करेंगे’ हा संकल्प आहे आणि ‘करा’ ही आज्ञा आहे. संकल्पांत बोलणारा स्वतः सामील असतो. आज्ञेंत तो व्यासपीठावर उभा असतो आणि मरावयाचें दुसऱ्यांनीं असतें. मंत्राचा अर्थही गांधीजींनीं लगोलग प्रथमपुरुषींच उलगडला होता, कीं आपण एक तर देश स्वतंत्र करूं, नाहीं तर त्या प्रयत्नांत मरूं. इंग्रजींतील तीन शब्दांस पुरुषाची खूण नाहीं, म्हणून भाषांतरकारानें आज्ञार्थ गृहीत धरला आणि वक्त्याच्या मनांत नसलेली सेनापतीची ऐट त्याच्या तोंडीं घातली. (मराठी वाचकास ह्या ‘-एंगे’ प्रत्ययाचें नवल वाटूं नये. दत्ताजी शिंद्यांच्या नांवावर जें बुराडीच्या घाटावरचें उत्तर आपल्यास पाठ आहे, तेंही हिंदुस्थानींत व प्रथमपुरुषींच आहे. त्यास मात्र ‘लढा’ असा आज्ञार्थ करून कोणी छापीत नाहीं.)

ह्या घोषणेचा एक कागदी अवतार संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. ९ ऑगस्टच्या पहांटे अटक होण्यापूर्वीं गांधीजींनीं प्यारेलाल यांच्याजवळ जो निरोप ठेविला, त्यांत अहिंसक सैनिकानें ही घोषणा कागदाच्या किंवा कापडाच्या तुकड्यावर लिहून अंगावरील कपड्यांस लावावी असें सांगितलें होतें. हेतु हा, कीं सत्याग्रह करतांना तो मेला तर अहिंसा न मानणाऱ्या इतरांपासून त्याचें प्रेत वेगळें ओळखतां यावें. घोषणेचा असा उपयोग आमच्या वाचनांत दुसरा नाहीं. ती ओरडण्यासाठीं नव्हती, मेल्यानंतर वाचली जाण्यासाठीं होती. अशी चिठी कोणाच्या जुन्या ट्रंकेंत निघाली, तर तिच्यावर ‘करेंगे’ आहे कीं ‘करा’, हें पाहण्यास आम्ही कितीही लांबचा प्रवास करूं.

पुरुषभेदानें घोषणा कशी फसते, याचें चांगलें टिपलेलें उदाहरण विलायतेंतील आहे, म्हणून तेथें जावें लागतें. १९३९ सालीं युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश माहिती खात्यानें तीन भित्तिपत्रकें तयार केलीं. पहिल्याचा आशय असा होता, कीं तुमचें धैर्य, तुमची उमेद आणि तुमचा निर्धार ‘अस’ म्हणजे आम्हांस विजय मिळवून देईल. तें भिंतींवर लागलें आणि टीका सुरू झाली. धैर्य आमचें आणि विजय यांचा, सोसावयाचें बहुतांनीं आणि मिळावयाचें थोड्यांस, असा अर्थ सामान्य वाचकांनीं काढला. खात्याच्या मनांत तो अर्थ खचित नव्हता. दोष इंग्रजी सर्वनामाचा होता. त्या भाषेंत ‘आम्हांस’ आणि ‘आपणांस’ यांना एकच शब्द आहे. मराठींत लिहितांना लेखकास दोहोंपैकीं एक निवडावाच लागला असता, आणि निवडतांना तो थबकला असता. आपल्या भाषेचा हा गुण आपल्याच घोषणांच्या अभ्यासांत कोणी वापरीत नाहीं, याचें आश्चर्य वाटतें.

अर्थात् ‘तुम्ही’ आणि ‘मी’ यांची फारकत केली कीं घोषणा पडतेच, असा नियम बांधतां येत नाहीं. सुभाषबाबूंनीं १९४४ सालीं ब्रह्मदेशांत सैनिकांजवळ रक्त मागितलें आणि बदल्यांत स्वातंत्र्य देऊं केलें. तेथेंही देणारे ‘तुम’ आणि आश्वासन देणारा ‘मैं’ असा उघड सौदा आहे. तरी ती घोषणा लोकांनीं उराशीं धरली. आमच्या मतें कारण असें, कीं तेथें ‘मी’ म्हणणारा माणूस समोर, त्याच गणवेषांत, त्याच आघाडीवर उभा होता; लंडनच्या भिंतीवर ‘आम्ही’ म्हणणारें एक खातें होतें.

त्या तिहींपैकीं तिसऱ्या भित्तिपत्रकाची कथा निराळी आहे. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, म्हणजे शांत राहा आणि काम चालू ठेवा, ह्या मजकुराच्या सुमारें २४ लक्ष ५० हजार प्रती छापल्या गेल्या. त्या मोठ्या संकटाच्या वेळेसाठीं राखून ठेविल्या होत्या. पहिल्याची फजिती झाल्यानंतर त्या भिंतींवर जवळजवळ लागल्याच नाहींत, आणि १९४० मध्यें कागदाच्या टंचाईंत बहुतेक साऱ्यांचा लगदा झाला. पुढें २००० सालीं नॉर्थंबरलंडमधील ॲल्निक गांवच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत लिलावाच्या पेटीच्या तळाशीं एक प्रत निघाली. दुकानदारानें ती चौकट करून लाविली, गिऱ्हाइकें विचारूं लागलीं, नकला छापल्या गेल्या, आणि थोड्याच वर्षांत तें वाक्य पेले, पिशव्या, सदरे यांवर जगभर गेलें. बाँबवर्षावांत लंडनकर ह्याच अक्षरांकडे पाहून धीर धरीत होते, असा समज आतां पक्का झाला आहे. घोषणा सरकारनें केली, वापरली नाहीं, आणि साठ वर्षांनंतर व्यापारानें तिला तिचा इतिहास करून दिला. ‘छापलें’ आणि ‘वापरलें’ यांत जें अंतर आहे तें सनदांच्या बाबतींत आपण जाणतों. दिलेली प्रत्येक सनद अंमलांत आलीच असें आपण मानीत नाहीं. तोच विवेक येथें पाहिजे.

व्यापाराचा विषय निघालाच आहे तर एक गाऱ्हाणें सांगतों. १९०५ च्या वंगभंगानंतर ‘स्वदेशी’ हा शब्द सभेंतून दुकानांत आला आणि साबण, काड्या, कापड यांच्या जाहिरातींत जाऊन बसला. राजकारणाची घोषणा मालाचें विशेषण कशी होते, हें पाहावयाचें साधन म्हणजे जुन्या मासिकांचीं जाहिरातींचीं पानें. आणि ग्रंथालयांत वार्षिक खंड बांधतांना बांधणारा प्रथम कापतो तीं हींच पानें. आम्ही पाहिलेल्या खंडांत लेख सारे शाबूत, वेष्टनें व जाहिराती बहुधा गायब. ‘स्वदेशी’ म्हणजे काय यावर कोणीं काय व्याख्यान दिलें तें आपल्यास कळतें. तो शब्द उच्चारून कोणीं काय विकलें तें कळत नाहीं.

लोकमान्यांच्या प्रख्यात वाक्याकडे आतां वळावें लागतें, जरी त्यास हात लावणें आम्हांस संकोचाचें वाटतें. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हा पूर्वार्ध स्थिर आहे. उत्तरार्ध कोणी ‘तो मी मिळवणारच’ असा देतो, कोणी ‘मिळवीनच’ असा, कोणी ‘मिळविल्याशिवाय राहणार नाहीं’ असा. जागेविषयींही तेंच, कोणी बेळगांव म्हणतो, कोणी अहमदनगर, कोणी लखनौ. त्या शब्दांची सूचना काका बाप्टिस्टा यांची असेंही म्हणतात. पूर्वार्ध स्थिर आणि उत्तरार्ध अस्थिर असला, कीं संहितेचा अभ्यासक उत्तरार्ध निराळ्या वाटेनें आला असावा असें समजतो. आमचें अनुमान असें, कीं तो इंग्रजींतून मराठींत परतला आहे. इंग्रजींत तो एकाच रूपांत आढळतो, मराठींत तीन रूपांत. हें अनुमान आहे, निर्णय नव्हे. ‘जन्मसिद्ध’ हा समासही इंग्रजी ‘बर्थराइट’ ची सावली वागवितो. त्याच्या एका बाजूस संस्कृत ‘स्वराज्य’ आणि दुसरीकडे अरबी ‘हक्क’. हा ‘हक्क’ आमच्या वाचकांस वतनाच्या कागदांतून रोज भेटतो, आणि महाराष्ट्रांतील श्रोत्यास त्यांत वतनदाराचा आवाज ऐकूं आला असला पाहिजे.

१९१६ च्या बेळगांव व नगर येथील भाषणांवरून टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागण्यांत आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. भाषणें मराठींत झालीं होतीं, पण खटला चालला तो सरकारी टिपणें व त्यांचीं इंग्रजी भाषांतरें यांवर. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं मुंबई हायकोर्टानें हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूनें जीना उभे होते. न्यायमूर्ति बॅचलर यांनीं तेथें धोरण असें ठेविलें, कीं सुटें वाक्य न घेतां सबंध भाषण वाचून त्याचा ऐकणारांवर काय परिणाम होईल तें पाहावें. परक्या सरकारच्या न्यायाधीशानें जी सावधगिरी बाळगली, ती आम्ही टिळकांचे चाहते बाळगीत नाहीं. एक वाक्य उचलतों, भाषण टाकून देतों.

घोषणा देणाऱ्यांनींच तिच्यावर भाष्य लिहिलें, असा प्रसंग विरळा. ‘इन्किलाब झिंदाबाद’ च्या बाबतींत तो घडला. ह्या घोषणेचा प्रारंभ १९२१ च्या सुमारास हसरत मोहानी यांच्याकडे नेतात. ८ एप्रिल १९२९ रोजीं भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं ती दिल्लीच्या कायदेमंडळांत दिली. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ चे संपादक रामानंद चतर्जी यांनीं तिला निरर्थक ठरविलें, तेव्हां दोघांनीं डिसेंबर १९२९ मध्यें तुरुंगांतून उत्तर पाठविलें. तें अभ्यासकानें अवश्य पाहावें. घोषणा आपण काढली नाहीं, हें ते आरंभींच कबूल करतात. मग म्हणतात, कीं ‘जतीन दास झिंदाबाद’ ओरडणारास दास देहानें जिवंत असावे असें म्हणावयाचें नसतें. घोषणेचा अर्थ कोशांतून काढूं नये, तिला जडलेल्या भावनेवरून काढावा. फार्सी जाणणारांस हें समजावून सांगणें नको. ‘बाद’ हा आशीर्वादार्थ आहे, ‘असो’ हा त्याचा अर्थ. फर्मानांतून व पत्रांच्या मायन्यांतून तो शतकानुशतकें आपल्या दफ्तरांत आला आहे. चतर्जी विधान समजून खंडन करीत होते. तें विधान नव्हतें, आशीर्वचन होतें.

आतां त्या वेष्टनाकडे. संयुक्त महाराष्ट्राची घोषणा आज ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ एवढीच छापली जाते. ह्या रूपांत ‘आम्ही’ नाहीं, ‘तुम्ही’ नाहीं. मागणारा दिसत नाहीं, केवळ अपरिहार्यता दिसते, आणि सारा जोर एका ‘च’ वर. पण चळवळींतील पूर्ण पाठ असा नव्हता. त्याच्या आधीं गांवांची यादी असे: मुंबई, बेळगांव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी यांसह. १ मे १९६० रोजीं राज्य झालें तें मुंबईसह झालें. यादींतील उरलेलीं गांवें त्या वेळच्या म्हैसूर राज्यांत राहिलीं. घोषणेचें डोकें छाटून उरलेला भाग छापला, कीं मागितलें तें सर्व मिळालें असें वाचकास वाटतें. सीमेचा वाद कोणाचा खरा, हें सांगण्याची ही जागा नव्हे. पाठ कापला गेला आहे, आणि कापल्यानें इतिहास बदलला आहे, एवढें सांगण्याची मात्र आहे. यादी लहान कीं मोठी, क्रम कोणता, कोणतें गांव कोठल्या सभेच्या पत्रकांत गळलें, हें ताडून पाहिलें तर चळवळीच्या आंतील कितीतरी गोष्टी उजेडांत येतील. पण त्यासाठीं पत्रकें पाहिजेत, आणि तीं वेष्टनाच्या कामीं लागलेलीं आहेत.

आमच्या मित्रांच्या पत्रकांत यादीची ओळ नेमकी घडीवर आली होती. बेळगांव व कारवार स्वच्छ वाचतां येत होतें, पुढचें एक नांव झिजून गेलें होतें. सालाचा कोपरा नव्हता. परंतु खालच्या मजकुरांत द्वैभाषिकाचा निषेध होता. मुंबईचें द्वैभाषिक राज्य करण्याचें लोकसभेनें १९५६ च्या ऑगस्टांत ठरविलें. तेव्हां पत्रक त्यापूर्वींचें नसावें आणि १ मे १९६० नंतरचें असूं शकत नाहीं. एवढें आम्ही बोलून दाखविल्यावर यजमान उठले, पेन्सिल घेऊन पत्रकाच्या पाठीवर हा काळ स्वतःच लिहिला, आणि तें एका जाड पुस्तकांत दाबून ठेविलें. इनामाचे कागद त्यांनीं मग जवळच पडलेल्या एका जुन्या वर्तमानपत्रांत बांधले. तें वर्तमानपत्र कोणत्या तारखेचें, हें पाहण्याचें आमच्या लक्षांत राहिलें नाहीं.